काकांच्या छातीतला आवाज

बुधवारी सलून बंद असायचं, म्हणजे केस कापायला बंद. एरवी त्या दिवशी तिथे जेवढी गर्दी व्हायची तेवढी आठवड्यात कधी होत नसे. मेडिकल कॉलेजची गाडी सकाळीच दाराशी लागायची, पांढरे कोट घातलेली पोरंपोरी उतरायची, आणि ज्या खुर्च्यांवर एरवी लोक दाढी करून घ्यायचे त्याच खुर्च्यांवर वस्तीतली म्हातारी माणसं मान मागे टाकून घसा नाहीतर डोळे दाखवायची. खुर्ची हवी तेवढी वर होते, हवी तेवढी मागे होते, समोरच्या आरशांनी उजेड दुप्पट होतो आणि कोपऱ्यात हात धुवायला बेसिन. कॉलेजच्या मॅडमनी दुकान पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या होत्या, एवढा तयार दवाखाना आम्हाला कुणी बांधून दिला नसता. सलूनवाल्याची छाती त्या दिवशी जी फुगली ती पुढे कित्येक वर्षं उतरली नाही.

त्याच्या बायकोला मात्र हे खूळ अजिबात पटलं नव्हतं. सगळी वस्ती तिला काकू म्हणायची आणि जरा वचकून असायची. आठवड्यात एक दिवस नवरा हाताशी मिळणार, तोही याने दान करून टाकला, म्हणून काकू बरेच दिवस धुसफुसत होत्या. दुकानाचे टॉवेल धुवायचे त्यांनी, इस्त्री करायची त्यांनी, आणि बुधवारी त्या कडक टॉवेलांवर कुणाकुणाचे चिखलाचे पाय. पण समोरच्या शिंपीणबाईंच्या पायाची जखम त्या पोरांनी वेळेवर बघितली आणि कापायला निघालेला पाय वाचला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या नातीला चष्मा लागला आणि मठ्ठ म्हणून मार खाणारी ती पोर वर्गात पुढे जाऊन बसली. तेव्हा काकू चहा करायला लागल्या. काकूंना एखादी गोष्ट पटली की त्या तसं कबूल करत नाहीत, चहा टाकतात.

आवाज सापडला तो पहिल्याच वर्षी. एका दुपारी तपासायला कुणी उरलं नव्हतं आणि पोरं पाय हलवत बसली होती. त्यातला एक म्हणाला, "काका, बसा की तुम्हीच. तुमचंही बघू." काका आपल्याच खुर्चीत बसले. त्याने छातीवर नळी ठेवली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने मॅडमना. मॅडमनी बराच वेळ ऐकलं, मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, "काका, घाबरू नका. हृदयातल्या एका झडपेचं तोंड जरा अरुंद आहे. रक्त तिथून जोरात जातं म्हणून आवाज येतो. आत्ता काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. वर्षातून एकदा हृदयविभागात यायचं."

त्या आठवड्यात मॅडमनी स्वतः नेऊन काकांच्या हृदयाची सोनोग्राफी करून आणली आणि सध्या काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं. काकूंच्या जिवात जीव आला. त्याच दिवशी मॅडम पोरांना म्हणाल्या होत्या, "नीट ऐकून ठेवा रे सगळ्यांनी. पुस्तकात लिहिलाय अगदी तस्सा आहे. असा सुंदर आवाज सहसा मिळत नाही." हे वाक्य काकांनी जे उचललं ते कायमचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यांची निगा राखलेल्या माणसाला आपल्यातही काहीतरी सुंदर आहे हे कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

मग ती रीतच पडली. दर काही महिन्यांनी पोरांची तुकडी बदलायची. नवी पोरं आली की जुनी त्यांना सांगायची, काकांचं ऐका बरं का. काका न सांगता शर्टाची बटणं काढायचे, खुर्ची मागे टाकायचे, श्वास सोडून धरायचे. कुणाला आवाज सापडला नाही तर त्याचा हात धरून नळी हळूच वर सरकवायचे, "इथे ठेव." तरीही एखादी पोरगी कावरीबावरी झाली तर तिला सांगायचे, "डोळे मिट पोरी. डोळे मिटले की येतं ऐकू." आणि यायचं. ते ऐकू आलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं ते बघायची काकांना चटक लागली होती. ते म्हणायचे, सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो, भुवया आधी वर जातात आणि मग तोंड उघडतं.

वर्षातून एकदा कॉलेजात मोठी परीक्षा असायची. ती हृदयविभागातच व्हायची आणि काकांना न्यायला गाडी यायची. काकू इस्त्रीचा शर्ट काढून द्यायच्या. काका दिवसभर खाटेवर बसायचे, एकेक पोरगा येऊन ऐकायचा आणि बाजूला उभ्या असलेल्या परीक्षकांना काय ऐकलं ते सांगायचा. रुग्णाने काही बोलायचं नाही असा तिथला नियम. काका बोलायचे नाहीत, पण एखाद्याची तंतरलेली दिसली की स्वतःचे डोळे मिटून घ्यायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांवर किती जण डॉक्टर झाले हे त्या परीक्षकांना अजून माहीत नसेल.

"सगळ्या शहरानं ऐकलं तुमचं काळीज," काकू टॉवेलांच्या घड्या करता करता म्हणायच्या. "मलाच तेवढं कधी ऐकू आलं नाही."

"तू बोलायची थांबलीस तर येईल ना ऐकू," काका म्हणायचे.

असं चाललं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, दुकानातला जुना पंखा जाऊन नवा आला, काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. आणि केव्हातरी, नेमकं केव्हा ते काकूंनाही सांगता आलं नसतं, काकांनी दुकानात एक उंच स्टूल आणून ठेवलं. आधी दिवसभर पायांवर उभा असणारा माणूस आता बसून कात्री चालवायला लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, नवी फॅशन. काकूंना वाटलं, वय झालं. मग उशा एकाच्या दोन झाल्या. नळावरून आणताना पाण्याचा डबा काका अर्ध्या वाटेत ठेवून उभे राहायला लागले. विचारलं तर म्हणायचे, नवे बूट चावतात.

एकदा काकू धुतलेले टॉवेल घेऊन दुकानात गेल्या, तेव्हा काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. वस्तरा गळ्यावर होता. तो तिथेच थांबला. गिऱ्हाईक आपलं डोळे मिटून निवांत, त्याला पत्ता नाही. आरशात काकूंना नवऱ्याचा चेहरा दिसला, तो तुरटीसारखा पांढरा पडला होता. काकांनी वस्तरा हळूच उचलला, खुर्चीची पाठ धरली आणि जरा वेळाने म्हणाले, "पाणी गार झालं वाटतं, बदलतो."

त्या संध्याकाळी काकूंनी त्यांना धारेवर धरलं. "अहो, मॅडमना सांगा. नाहीतर मी सांगते."

"काय सांगायचं? अगं, दर बुधवारी डझनभर डॉक्टर माझी छाती ऐकतात. वर्षाला मोठ्या विभागात जाऊन येतो, तिथे तर परीक्षकसुद्धा ऐकतात. एवढं कोणत्या राजाच्याही नशिबी नसेल. काही असतं तर त्यातल्या एकानं तरी सांगितलं नसतं?"

काकूंनाही ते पटलं. खरंच, एवढे कान लागलेत, तिथे आपण अडाणी माणसांनी कशाला काळजी करायची? त्यांनी तो विषय सोडला. पुढे त्यांना आयुष्यात सगळ्यांत जास्त कशाचा राग आला असेल तर तो या सोडण्याचा.

आणि मग ती गोड बातमी आली. त्या वर्षीच्या तुकडीत एक लांब वेणीवाली मुलगी होती, जरा घुमी, पण काम मन लावून करायची. एका बुधवारी तिने काकांच्या छातीवर नळी ठेवली, वर सरकवली, खाली सरकवली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. काकू चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या.

"काका, मागच्या वेळेपेक्षा कमी येतोय आवाज," ती म्हणाली.

"कमी झाला?" काकूंनी ट्रे तसाच धरून विचारलं.

"हो काकू. बराच हळू झालाय." तिने वळून मॅडमना शोधलं. मॅडम दाराबाहेर फोनवर होत्या. त्या दिवसांत त्या सतत फोनवरच असायच्या, कारण समाजसेवा करणाऱ्या मेडिकल कॉलेजांना दिला जाणारा देशातला सगळ्यांत मोठा सन्मान यंदा आपल्याला मिळणार अशी कुणकुण लागली होती. मुलगी जरा वेळ थांबली. बाहेर रांग होती. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

काकूंचा आनंद पोटात मावेना. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोनदा चहा पाजला. शिंपीणबाईंना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, मुलीला फोन करून सांगितलं, अगं, बाबांच्या छातीतला आवाज जात चाललाय. इतकी वर्षं घरात पाहुण्यासारखा येऊन बसलेला तो आवाज एकदाचा निघाला म्हणून त्यांनी त्या बुधवारी सुटकेचा निःश्वास टाकला. दम लागतो, उशा दोन लागतात, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण माणसाला सुख हवं असलं की तो हिशेब आपल्या सोयीने मांडतो. आवाज कमी होतोय म्हणजे आतून दुरुस्ती चाललीय, दुरुस्ती चालली की थकवा येणारच.

काका मात्र हिरमुसले होते. "आता परीक्षेला बोलावणार नाहीत," ते म्हणाले.

बोलावलं. पण पोरं येत होती, नळी ठेवत होती आणि कपाळाला आठ्या घालून उभी राहत होती. काकांनी डोळे मिटून दाखवले तरी उपयोग होईना. दुपारच्या सुट्टीत त्यांनी एक युक्ती केली. पळालं की हृदय जोरात चालतं हे त्यांना ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. म्हणून ते जिना चढून यायला निघाले, आवाज जरा मोठा व्हावा म्हणून. मधल्या वळणावर बसले ते उठेनात. दारावरच्या रखवालदाराने त्यांना पाणी पाजलं. घरी येऊन ही गोष्ट काकांनी गंमत म्हणून सांगितली आणि काकूही रागावता रागावता हसल्या. त्या हसण्याची आठवण पुढे काकूंना कुठेही, भाजी चिरतानासुद्धा, येऊन गाठायची.

सन्मान देणारी मंडळी आधी काम बघायला येणार होती. दुकानाला रंग लागला. केस कापायच्या दराची पाटी काढून तिथे कॉलेजची पाटी आली. मॅडमनी पोरांकडून रंगीत तालीम करून घेतली, कोण कुठे उभं राहील, कोण काय बोलेल. आणि शेवटी काकांचा आवाज, कारण कॉलेज वस्तीला देतं आणि वस्तीही कॉलेजला देते, हे दाखवायला त्याहून चांगलं काय असणार? काकूंनी सगळे टॉवेल उकळून धुतले.

पाहुण्यांमध्ये एक म्हातारे डॉक्टर होते, स्वतः हृदयाचेच, निवृत्त झालेले. माणूस साधा होता. शिंपीणबाईंचा पाय त्यांनी वाकून बघितला, चहावाल्याच्या नातीला फळ्यावरची अक्षरं विचारली, काकूंच्या चहाला नावाजलं. सगळं सुरळीत पार पडलं. मग मॅडम हसून म्हणाल्या, "आणि हे आमचे काका. आमच्या सगळ्या मुलांचे गुरू."

काकांनी बटणं काढली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी खिशातून स्वतःची नळी काढली आणि ऐकायला लागले. काकू त्यांच्या भुवयांकडे बघत होत्या. भुवया वर गेल्या नाहीत. डॉक्टरांनी नळी काढली, काकांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग वाकून पायांवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही तिथे खळगा राहिला. 

"ऑपरेशन कधीचं ठरलंय?" त्यांनी सहज विचारलं, जशी ती ठरलेलीच गोष्ट असावी.

मॅडमनी पोरांकडे बघितलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी पुटपुटलं, "मागच्या बॅचनं पाठवलं असेल." वेणीवाली मुलगी आरशाला टेकून उभी होती, तिचा चेहरा समोरून आणि आरशातून, दोन्हीकडून दिसत होता. काकू म्हणाल्या, "आता कशाला ऑपरेशन, साहेब? आवाज कमी झालाय की त्यांचा."

डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं. त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, हे त्याचं दुर्दैव आणि काकूंचंही. "बाई," ते हळू म्हणाले, "तो आवाज करायलासुद्धा हृदयाला जोर लागतो. जोर संपत आला की आवाज कमी होतो."

काकूंनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दोन-दोनदा पाजलेला चहा त्यांना आठवला. आपण गल्लीभर काय सांगत फिरलो ते त्यांना आता कळलं, आणि ती शिंपीणबाई त्याच क्षणी दारात उभी होती.

काकांना त्याच दिवशी कॉलेजच्या गाडीतून नेलं. ज्या विभागात ते वर्षानुवर्षं इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, तिथेच आता सैल सदरा घालून झोपले. तपासण्या झाल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन बोलले. झडप पार आवळलीय. तिच्यातून रक्त ढकलून ढकलून हृदय थकून गेलंय. आता झडप कुठल्याही वाटेनं बदलली तरी ते हृदय ती पेलणार नाही, टेबलावरच काहीतरी होईल. औषधांनी जेवढं सुसह्य करता येईल तेवढं करू.

"आधी आणलं असतं तर?" काकूंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "एक-दोन वर्षांमागे झालं असतं. तेव्हा हे नेहमीचं ऑपरेशन होतं."

एक-दोन वर्षांमागे काका या डॉक्टरांच्या दारासमोरून, वरांड्यातून, परीक्षेच्या खाटेकडे चालत गेले होते. डॉक्टरांनी त्यांना हात केला असेल. सगळेच हात करायचे.

मॅडम संध्याकाळी आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. काकूंनी मनात बोलायचं सगळं जमवून ठेवलं होतं, पण मॅडमना बघितल्यावर त्यांनी बाकावरची पिशवी उचलून जागा करून दिली.

"काकू, पहिल्या सोनोग्राफीनंतर ते दरवर्षी या विभागात येत होते ना," मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं, इथे त्यांची तपासणी होतेय. इथल्यांना वाटायचं, हे आमच्या बुधवारच्या दवाखान्यातले आहेत, आम्ही बघतोय. इथे ते परीक्षेसाठी यायचे. तेवढंच व्हायचं."

"आणि आम्हाला वाटायचं, एवढी माणसं ऐकतायत," काकू म्हणाल्या. "मॅडम, एक सांगा. मी कुणावर रागावू?"

मॅडम बाकाच्या अगदी कडेला सरकल्या.

"त्या पोरांवर? ती तर दर खेपेला नवीन. तुमच्यावर? तुमच्यामुळे शिंपीणबाई चालतायत. तुम्ही आमच्या ह्यांना इतकं मानलंत की आजारी धरायचंच विसरलात. मला धड शिव्यासुद्धा देता येत नाहीत तुम्हाला."

"मी उद्या सांगते त्यांना," मॅडम कशाबशा म्हणाल्या. "नको आम्हाला तो सन्मान. मी स्टेजवर जाणारच नाही."

काकूंच्या मनात क्षणभर अगदी तेच आलं. जळो तो सन्मान, पाटी काढून टाका, रंग खरवडून काढा. पण आतून काकांचा आवाज आला. त्यांना एका दमात वाक्य पुरत नव्हतं. "मॅडम. जायचं. दुकान माझं आहे." मग दम घेऊन, "मान दुकानाचा आहे. तुम्ही नाही गेलात तर... मी कशासाठी एवढी वर्षं बटणं काढली?"

 मॅडम तोंडाला रुमाल लावून निघून गेल्या. काकूंना नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

सन्मानाचा कार्यक्रम कॉलेजच्या मोठ्या सभागृहात होता. मधल्या अंगणापलीकडेच ते सभागृह, त्यामुळे वॉर्डाच्या खिडकीतून माईकवरचं सगळं ऐकू येत होतं. शब्द नीट कळत नव्हते, टाळ्या कळत होत्या. काकूंची मुलगी सकाळीच निघाली होती, पण गावाहून पोचायला तिला रात्र होणार होती. काकू खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. काका तीन उशांना टेकून होते, तोंड खिडकीकडे.

"आता दुकानाचा फोटो दाखवत असतील पडद्यावर," ते म्हणाले.

"असतील."

"तुझे टॉवेल दिसतील."

"दिसू देत," काकू म्हणाल्या. "उकळलेत मी."

दार हळूच ढकललं गेलं आणि ती वेणीवाली मुलगी आत आली. कार्यक्रमासाठी सगळ्यांना चांगले कपडे घालायला सांगितलं होतं, तिने घातले होते, पण ती तिकडे गेली नव्हती. गळ्यात नळी होती. ती खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"ऐकायचंय का?" काकांनी विचारलं आणि सवयीने हात बटणांकडे नेला. सदऱ्याला बटणं नव्हती, नाड्या होत्या.

"नाही काका." ती रडायला लागली. "मला कळायला हवं होतं. मी म्हटलं कमी झालाय आणि पुढच्याला बोलावलं."

"तूच तर एकटी खरं बोललीस," काका म्हणाले. "बाकीच्यांना तेवढंही ऐकू आलं नव्हतं." मग त्यांनी तिला नाही, काकूंना जवळ बोलावलं. मुलीला म्हणाले, "ही कधीची म्हणतेय, मला ऐकू आलं नाही. दे गं पोरी तिला जरा."

एवढ्या वर्षांत काकूंच्या हातात ती नळी कुणी दिली नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नव्हती. मुलीने ती त्यांच्या कानांत घातली, दुसरं टोक काकांच्या छातीवर ठेवलं, काकूंचा हात त्यावर दाबला. काकूंना आधी आपलाच श्वास ऐकू आला, मग टाळ्यांचा घोळ. एवढ्या लोकांनी नावाजलेला, पुस्तकातल्यासारखा, परीक्षांचा आवाज म्हणजे काहीतरी मोठं असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी हात दाबला. नळी वर सरकवली, खाली सरकवली. लांब कुठेतरी एक बारीक ठोका होता, मग काहीच नाही असं वाटायचं, मग पुन्हा एक ठोका.

"काय?" काकांनी विचारलं. "येतोय का?"

"येतोय की," काकू लगेच म्हणाल्या. "चांगला मोठा येतोय हो."

काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कित्येक वर्षं त्यांनी याच जागेवरून, इतक्याच अंतरावरून, शेकडो चेहरे बघितले होते. भुवया आधी वर जातात आणि मग तोंड उघडतं. काकूंच्या भुवया जागच्या हलल्या नव्हत्या. काकांना कळलं, आणि त्यांना कळलं हे काकूंना कळलं. पलीकडे सभागृहात कुणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण टाळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

काकांनी काकूंचा हात धरला आणि नळी हळूच थोडी वर सरकवली, नव्या तुकडीतल्या घाबरलेल्या पोरीसाठी करायचे तसंच.

"डोळे मिट," ते म्हणाले. "डोळे मिटले की येतं ऐकू."

काकूंनी डोळे मिटले.